सहावा प्रश्न

आमच्या बेटावरच्या क्लेविगमध्ये कुणाला "कसा आहेस?" असं विचारलं, तर त्याला दोनच उत्तरं देता येतात. एक, "वाईट नाही." दुसरं, "तक्रार नाही." पहिलं उत्तर धडधाकट माणसाचं. दुसरं ऐकलं, की समजावं, या गृहस्थाला आता चार जणांनी उचलून न्यायची वेळ आलेली आहे. तिसरं उत्तर आमच्या गावाने तयारच केलेलं नाही. कधी गरज पडली नाही म्हणून नव्हे. गरज पुष्कळदा पडली. पण त्या वेळी मागायला जायचं कुणाकडे?

टॉर्मोड मॅकऑले याच गावचा. वय एकाहत्तर, धंदा विणकराचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा पायाने चालवायचा माग होता आणि बेटावरच्या लोकरीचं जाडंभरडं कापड तो त्यावर सोमवार ते शनिवार विणायचा. घरात तो आणि त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण शोनाग. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. का केलं नाही, याच्या गावात चार-पाच वेगवेगळ्या हकिकती होत्या. दोघांनाही त्या सगळ्या ठाऊक होत्या, आणि एकही खरी नव्हती. भाऊ विणायचा, बहीण त्याच्यासाठी धाग्याच्या कांड्या भरायची. असं चाळीस वर्षं चाललेलं. माग थांबला, की स्वयंपाकघरातून तिची हाक यायची, "धागा तुटला की तू तुटलास?" आणि तो म्हणायचा, "अजून दोघंही जोडण्यासारखे आहोत."

बोलणं म्हणजे एवढंच. हवा, मेंढ्या, लोकरीचा रंग, कोण गेलं आणि कोण जायच्या बेतात आहे. शरीर नावाची वस्तू आपल्याप्रमाणे समोरच्याकडेही असावी, असा त्यांचा नुसता अंदाज होता. शोनाग आपले आतले कपडे रस्त्याकडच्या दोरीवर कधी वाळत घालायची नाही. ते शेडच्या मागच्या बाजूला, वाऱ्याला पाठ करून असायचे. म्हणून धुण्याच्या दिवशी टॉर्मोड शेडमध्ये शिरताना लांबचा वळसा घेऊन पुढच्या दाराने जायचा. वळसा घे असं तिने सांगितलं नव्हतं, घेतो असं त्याने सांगितलं नव्हतं. चाळीसेक वर्षांत त्या वळशाची गवतात पायवाट पडली होती.

गावात त्याला मान होता तो मात्र विणण्यामुळे नव्हे. आमच्या चर्चमध्ये पेटी नाही, वाद्य नाही. एकाने स्तोत्राची ओळ उचलायची आणि सगळ्यांनी ती मागून म्हणायची, अशी रीत. ओळ उचलणारा टॉर्मोड. त्याने दिली तीच ओळ दोनशे गळ्यांतून परत यायची. सव्वीस वर्षांत त्याने एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. "टॉर्मोडच्या तोंडून निघालं म्हणजे पुस्तकात तसंच असणार," असं म्हातारे म्हणायचे. हे वाक्य पुढे त्याला फार जड गेलं.

फेब्रुवारीतला रविवार. रविवारी आमच्याकडे माग चालत नाही, दोरीवर कपडा दिसत नाही, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. शोनाग सकाळी म्हणाली, "तू जा चर्चला. मी आज राहते." हे वाक्य तिने आयुष्यात दुसऱ्यांदा उच्चारलं. पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा गोवर होता.

"काय झालं?"

"पोट जरा नाराज आहे."

तो गेला, ओळी दिल्या, परत आला. शनिवारी करून ठेवलेलं सूप चुलीवर तसंच. शोनागच्या खोलीचं दार बंद.

"शोनाग?"

"वाईट नाही," आतून आवाज आला. थोड्या वेळाने परत आला, "तक्रार नाही."

तेव्हा तो फोनकडे वळला.

आमच्या बाजूला शुक्रवारी संध्याकाळी सहाला दवाखान्याचं दार लागलं, की सोमवारी सकाळपर्यंत माणसाला आजारी पडायचं असेल तर फोनवरूनच पडावं लागतं. एक नंबर आहे. तो फिरवला, की दूर मुख्य भूमीवरच्या कुठल्याशा खोलीत बसलेली नर्स प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून ठरवते, याला अँब्युलन्स, याला डॉक्टर, याला दोन गोळ्या आणि स्वस्थ झोप. बेटाच्या या अर्ध्या भागाला शनिवार-रविवारी डॉक्टर एकच, आणि अँब्युलन्स चाळीस मैलांवरच्या बंदराच्या गावात. तेव्हा नर्सला विचार करूनच ठरवावं लागतं.

टॉर्मोडच्या घरातला फोन बोळात, भिंतीवर. मोबाइल क्लेविगमध्ये फक्त टेकडीवर लागतो आणि पोट दुखत असताना कुणी टेकडी चढत नाही. फोनपासून शोनागचं दार तीन हात. वायर पाच हात.

"मी केर्स्टी," पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. "बहिणीला फोनवर देता का, मिस्टर मॅकऑले?"

"ती पडलीय जरा."

"उठता येत नाही का त्यांना?"

"येतं. पण पडलीय."

"बरं. मग मी विचारते, तुम्ही त्यांना विचारून मला सांगा. छातीत दुखतंय?"

"शोनाग, छातीत दुखतंय का?"

"नाही," दाराआडून.

"नाही," टॉर्मोडने फोनमध्ये सांगितलं. ओळ जशीच्या तशी.

श्वास लागतोय का? नाही. ताप? "चूल पेटलीय, कळणार कसं?" असं आतून आलं, ते त्याने "नसावा" करून पाठवलं. उलटी झाली? "थोडी." थोडी म्हणजे किती, हे केर्स्टीने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. पाचवा प्रश्न आकड्याचा होता.

"शोनाग, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय म्हणते. दहा म्हणजे सगळ्यांत जास्त."

आत खाट करकरली. मग, "बोट बुडून आपले बाबा गेले, त्याला आपण किती धरायचं?"

"दहा धर."

"मग हे तीन."

"तीन," टॉर्मोड म्हणाला.

"ठीक. आता त्यांना विचारा," केर्स्टी म्हणाली, "पोटावर किंवा खाली जांघेत कुठे गाठ आलीय का, फुगवटा दिसतोय का. बाहेर आलेला, आत न जाणारा."

टॉर्मोडने दाराकडे पाहिलं. दाराला त्याच्या वडिलांनी लावलेली पितळी कडी होती. तो त्या कडीकडे पाहत राहिला. ज्या दोरीकडे आपण आयुष्यभर पाहिलं नाही, तिथे आज मोठ्याने आवाज देऊन काय विचारायचं? आणि ते रविवारी? त्याने तोंड उघडलं, मिटलं. बोळातल्या घड्याळाचे सात-आठ ठोके गेले असतील.

"मिस्टर मॅकऑले?"

"नाही," तो म्हणाला. "तसलं काही नाही."

"विचारलंत त्यांना?"

"हो."

"नक्की? मला त्यांच्याशी मिनिटभर बोलता आलं तर..."

"विचारलं म्हणालो ना."

सव्वीस वर्षांत त्याने मनाने रचलेली ही पहिली ओळ. तीही पुस्तकात नसलेली.

चार तासांच्या आत डॉक्टर संपर्क साधतील, मध्ये दुखणं वाढलं तर लगेच परत फोन करा, असं केर्स्टीने दोनदा बजावलं. वाढलं. साडेचारला त्याने दारावर टकटक केली, "परत करू का फोन?" तर शोनाग म्हणाली, "अरे, तो डॉक्टर बिचारा आत्ता कुठे जेवायला बसला असेल." डॉक्टरच्या जेवणाची काळजी क्लेविगमध्ये इतके जण करतात, की तो माणूस अजून इतका बारीक कसा, हे एक कोडंच आहे.

डॉक्टर आले सव्वासातला. खोलीत गेले, दार लोटलं. टॉर्मोड बोळात उभा. पांघरूण सरकल्याचा आवाज आला आणि मग डॉक्टरांचा, एकदम वेगळा आवाज, "हे कधीपासून आहे?" शोनाग म्हणाली, "चार वर्षं. रात्री आत ढकलते मी. आज जाईना."

हर्निया अडकला होता. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं. आतड्याचा हातभर तुकडा काळा पडलेला, तो काढला. तिसऱ्या दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला. शोनाग वाचली. पण डावा हात, डावा पाय गेला, आणि क्लेविगचं घरही सुटलं. आता ती बंदराच्या गावी वृद्धांच्या शुश्रूषागृहात, खिडकीशी. टॉर्मोड स्वतःच कांड्या भरायला लागला. त्या सैल भरायच्या आणि विणताना धागा मध्येच गचकन ओढला जायचा. माग थांबायचा. स्वयंपाकघरातून कुणी काही विचारायचं नाही.

याच सुमारास गावाला एक निमित्त सापडलं. कॅलम मॅकसीन हा आमच्या गावसमितीचा अध्यक्ष. त्याला बुलेटिन म्हणतात, कारण बातमी घडायच्या आधी ती त्याच्याकडे असते. शनिवार-रविवारी आमच्या बाजूला एक अँब्युलन्स कायमची उभी असावी, म्हणून हा माणूस सहा वर्षं अर्ज करत होता. चांगलं काम होतं, वाद नाही. फक्त त्याच्या अर्जांना चेहरा नव्हता. आता मिळाला. शोनागचा, वीस वर्षांपूर्वीच्या लोकर-जत्रेतला, हसरा. दुकानाच्या दारावर तो फोटो लागला. खाली लिहिलेलं, "हिने मदत मागितली होती."

"नर्सने नीट विचारलंच नाही," बुलेटिन सांगत सुटला. "चार तास थांबा म्हणे! टॉर्मोडसारखा माणूस फोनवर असताना! हा काय खोटं बोलणार आहे?"

टॉर्मोड तिथेच दुकानात पाव घेत उभा होता. तो म्हणाला, "पाव कालचा आहे का हा?"

तक्रार गेली. केर्स्टीला चौकशी होईपर्यंत फोनच्या कामावरून काढलं, असं एप्रिलमध्ये आरोग्य कार्यालयाचं पत्र आलं. गावात लोकांनी पत्र हातोहात वाचलं. टॉर्मोडने ते रात्री दोनदा वाचलं आणि बायबलमध्ये ठेवलं. मग तिथून काढून घड्याळामागे ठेवलं.

मे महिन्यात बुलेटिनने आपला हुकमाचा पत्ता काढला. असे सगळे फोन टेप होतात. आरोग्य कार्यालयाच्या बाई गुरुवारी क्लेविगच्या हॉलमध्ये लोकांचे अनुभव ऐकायला येणार होत्या. त्या वेळी तो टेपच सगळ्यांसमोर लावायचा! "ऐकू दे गावाला, ती पोरगी काय बोलली ते." फक्त रुग्णाची सही हवी होती. फॉर्म टॉर्मोडच्या हातात देऊन बुलेटिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. "सोमवारच्या बसने जा आणि सही घेऊन ये. तुझा आवाज ऐकला, की बाईंची बोलतीच बंद."

टॉर्मोडला त्यात शंका नव्हती. फक्त कुणाकुणाची बंद होईल, एवढाच प्रश्न होता.

बसमध्ये त्याने चाळीस मैल फॉर्म घडी करून खिशात धरला. शोनाग खुर्चीत बसली होती, डावा हात मांडीवर. कुणीतरी जरा वेळ सांभाळायला देऊन गेल्यासारखा. जीभ थोडी जड झालेली, धार तीच.

"कांड्या कोण भरतो?"

"मीच."

"तरीच व्यापाऱ्याकडून कापड परत आलं असेल."

"एकदाच आलं."

"फॉर्म कसला तो? खिशातून बाहेर डोकावतोय मघापासून."

त्याने सांगितलं. टेप, हॉल, बाई, बुलेटिन. ती ऐकत राहिली.

"तुझं काय म्हणणं?"

"कॅलम म्हणतो..."

"कॅलम जन्मल्यापासून म्हणतोच आहे. तुला विचारलं मी."

टॉर्मोडने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, उलटी केली. "शोनाग, त्या दिवशी तिने एक गोष्ट विचारायला सांगितली होती. ती मी तुला विचारलीच नाही."

"सहावा प्रश्न," शोनाग म्हणाली.

"काय?"

"मोजत होते मी. आत पडल्या पडल्या दुसरं काय करणार? पाच झाले. मग तू गप्प झालास. तू एवढा गप्प झालास म्हटल्यावर ती नर्स कशाबद्दल विचारतेय ते मला कळलं. मग तू 'नाही' म्हणालास."

बाहेर धक्क्यावर बोट लागत होती. दोघांनी ती लागेपर्यंत पाहिली.

"मग तू बोलली का नाहीस? तीन हातांवर होतीस तू!"

"तू नाही म्हणालास ना," शोनाग म्हणाली, "तेव्हा खरं सांगू? मला बरं वाटलं."

त्याने टोपी परत सुलटी केली.

"आणि मी विचारलं असतं तर?"

"तर मीही नाहीच म्हणाले असते."

"नक्की?"

शोनागने चांगल्या हाताने दुसरा हात उचलून थोडा सरळ ठेवला. "नक्की नाही," ती म्हणाली. "तेवढंच आता आपल्याला कधी कळायचं नाही, टॉर्मोड."

जरा वेळाने तिने विचारलं, "त्या पोरीचं काय झालं?"

"फोनवरून काढलीय. आवाज विशीतला होता. परत परत म्हणत होती, बहिणीला द्या, बहिणीशी बोलते. वायर पुरत होती गं."

"वायर मला काय सांगतोस? मीच लांब घ्यायला लावली होती, स्वयंपाकघरापर्यंत यावी म्हणून." तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला. "मी सही करणार नाही. माझं पोट हॉलमध्ये लावणार, आणि मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं? जमायचं नाही."

"मग मी कॅलमला काय सांगू?"

"कॅलमला नको. सगळ्यांना सांग. तुझ्याच तोंडची ओळ आहे, तूच उचल."

तो उठला तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि कुठे गाठ होती ते नाही सांगितलंस तरी चालेल."

गुरुवारी संध्याकाळी सातला हॉल भरला. मे महिन्यातलं लख्ख ऊन अजून खिडक्यांत. आरोग्य कार्यालयाच्या फेन्विकबाई वही उघडून बसल्या. बुलेटिनने वीस मिनिटं प्रस्तावना केली आणि मग हात पुढे करून म्हणाला, "सही आणलीस?"

"नाही," टॉर्मोड म्हणाला. "मीच सांगतो."

तो उभा राहिला. चर्चमध्ये राहायचा तसाच, हात बाजूला. पण आवाज तो नव्हता.

"त्या मुलीने सगळं विचारलं. बहिणीला फोन द्या म्हणाली, मी दिला नाही. एक प्रश्न बहिणीला विचारायला सांगितला, तो मी विचारला नाही. मनानेच नाही म्हणून टाकलं. विचारलंत का, म्हणाली. मी हो म्हणालो."

"कुठला प्रश्न?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

शोनागने सूट दिलेली होती. टॉर्मोडने ती घेतली नाही. "गाठ आहे का," तो म्हणाला. "जांघेत."

तो शब्द क्लेविगच्या हॉलमध्ये याआधी कुणी उच्चारला असेल असं वाटत नाही. मागे एक जण खोकला. बुलेटिन कागद जुळवायला लागला, जुळलेलेच होते ते.

मग दुकानवाली मुर्डीना बसल्या जागेवरून म्हणाली, "मी म्हणाले होते, ढेकर अडकलाय."

"कसला ढेकर?"

"आमच्या यांच्या छातीत कळ आली, तेव्हा मी फोनवर सांगितलं, ढेकर अडकलाय म्हणून. त्यांनीच सांगायला सांगितलं. खुर्चीतून खुणा करत होते मला."

दोघं-तिघं हसले. मग मुर्डीनाच्या मागच्या खिडकीतून दफनभूमी त्यांना दिसली आणि हसणं तिथल्या तिथे विरलं. त्यानंतर आणखी चौघं बोलले. एकाने लघवीतलं रक्त बीटाच्या माथी मारलं होतं. कुणी वेदनेचा आकडा सांगताना निम्मा करून सांगितला होता, घासाघीस होणार असल्यासारखा. फेन्विकबाईंनी आधी लेखणी खाली ठेवली होती, ती परत उचलली.

बाहेर पडताना बुलेटिनने त्याला दारात गाठलं. "खरं बोललास, छान केलंस. आता अँब्युलन्स विसरा सगळ्यांनी."

"अँब्युलन्स हवीच आहे, कॅलम."

"हो ना! मागायची कुणाच्या फोटोवर? तुझ्या?"

बुलेटिनचंही पुष्कळसं खरं होतं. अँब्युलन्स चाळीस मैलांवर होती आणि आहे. केर्स्टी जूनमध्ये कामावर परत आल्याचं पत्र आलं. अँब्युलन्सबद्दल त्यात "विचाराधीन" एवढा एकच शब्द होता. फोटो दुकानाच्या दारावरून उतरला, चिकटपट्टीचे चार डाग राहिले.

हॉलमधल्या सभेनंतरच्या रविवारी टॉर्मोडने ओळ उचलली, तेव्हा मागून आवाज यायला निमिषभर उशीर झाला. झाला, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. ओळ परत आली. त्याने पुढची दिली.

घरी आल्यावर त्याने सूप गरम केलं, खाल्लं नाही, आणि बोळात जाऊन शुश्रूषागृहाचा नंबर फिरवला. दर रविवारी दोनला तो फोन करायचा आणि दोन वाजून तीन मिनिटांनी ठेवायचा.

"कशी आहेस?"

"वाईट नाही," शोनाग म्हणाली.

तो वायर घेऊन चालत तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. कडी लावलेली नव्हती. आत खाट नीट घातलेली, पांघरूण कोपऱ्यांत दुमडलेलं.

"आकडा सांग," तो म्हणाला.

"काय?"

"शून्य ते दहा. आणि बाबांची बोट मध्ये आणायची नाही."

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. तो कमी करायला तिने कुणाला तरी सांगितलं.

"सात," शोनाग म्हणाली.

टॉर्मोडने चौकटीला हात लावला. चाळीस मैल. पुढची बस उद्या सकाळी. रविवार होता, तिथला डॉक्टरही उद्याच येणार. हा आकडा चार वर्षांपूर्वी, तीनच असताना, कुठल्याही रविवारी मागता आला असता. आता तो हातात आला होता आणि ठेवायचा कुठे, हे त्याला कळत नव्हतं.

"कुठे दुखतंय?" त्याने विचारलं.

ती सांगू लागली. तो रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून ऐकत होता. मध्ये दोनदा त्याच्या कानशिलापर्यंत लाज चढली, पण त्याने तिला थांबवलं नाही. तिचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "फोन ठेवू नकोस. तिथल्या नर्सला बोलव, मी तिला सांगतो." आणि ओळ विसरू नये म्हणून, नर्स येईपर्यंत, तो शोनागचे शब्द तसेच्या तसे मनात म्हणत राहिला.